वार पडेपर्यंत

उमाबाईच्या हाताला यश आहे, असं गावात म्हणत. निलंग्याच्या रस्त्याला लागून असलेल्या त्या दोन-अडीचशे उंबऱ्यांच्या गावात कुणाची गाय अडली, की एक माणूस उमाबाईकडे पळायचा आणि मग जमलं तर दुसरा डॉक्टरकडे. ती यायची, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सारायची, गाईच्या पाठीवर एकदा थाप मारायची आणि कामाला लागायची. या कामाचं तिनं आजवर कुणाकडून काही घेतलं नव्हतं. फुकट केलेल्या कामाला एक तोरा असतो. उमाबाईकडे तो भरपूर होता, आणि साठी ओलांडल्यावर तो कमी व्हायचं काही कारणही नव्हतं.

माघातल्या एका मंगळवारी तिची स्वतःचीच गाय, सोमी, वेणा देऊ लागली. सोमी देवणी जातीची, अंगानं पांढरी आणि तोंडानं काळी. दिवस अजून भरले नव्हते, दहा-बारा तरी बाकी होते. हरभरा काढणीला आला होता, म्हणून नवरा माणिकप्पा दोन बाया घेऊन पहाटेच शेतात गेला होता. मुलगा रुद्रेश लातूरला एका गोदामावर कामाला होता, तो रविवारचा यायचा. घरात उमाबाई आणि सून शिवकन्या, दोघीच होत्या.

साडेआठला सोमी व्याली. कालवड झाली. आईसारखीच काळ्या तोंडाची, पण एवढीशी, की शिवकन्यानं ती एका हातात उचलली असती. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा दिसत होत्या. सोमीनं तिला चाटून चाटून कोरडी केली. उमाबाईनं नाळ कापली, खुरांची मऊ पिवळी टोकं नखानं काढली, नाकातोंडातला चिकटा पुसला. अर्ध्या तासानं कालवड पुढच्या गुडघ्यांवर उठली, पडली, परत उठली. चारही पाय चार दिशेला ठेवून ती थोडा वेळ उभी राहिली, आणि मग आईच्या मांडीला नाक घासत घासत कासेकडे निघाली.

सोमीची वार, वासरामागून पडणारी गर्भाची पिशवी, अजून पडली नव्हती. उमाबाईनं कालवडीला मागं ओढलं. गळ्यात सुती दोरी घातली आणि चार हातांवरच्या खुंटाला बांधलं.

"वार पडू दे," ती म्हणाली. "मग पाजू."

शिवकन्या शेणाची पाटी भरत होती. ती थांबली. "आत्याबाई, अर्ध्या तासाच्या आत चीक पाजावा म्हणतेत. दूध डेअरीच्या मीटिंगला ती बाई आली हुती, तिनं सांगितलं. वार पडू न्हाईतर न पडू."

"वार अडकली तर ती बाई येनार हाय का काढाया?"

शिवकन्यानं पाटी उचलली आणि ती उकिरड्याकडे गेली.

उमाबाईच्या म्हणण्याला आधार नव्हता असं नाही. ती बारा वर्षांची असताना माहेरी औशाकडं एक गाय व्याली होती. वार पडायच्या आधीच वासरू प्यायलं. वार वर चढली, आत कुजली, आणि चौथ्या दिवशी गाय फुगून मेली. तो वास उमाबाईच्या नाकात अजून होता. तेव्हापासून तिनं जेवढी वासरं धरली, त्यातल्या एकालाही वार पडेपर्यंत कासेला तोंड लावू दिलं नव्हतं. त्यातली काही मेलीही होती. पण ती दृष्ट लागून मेली होती, थंडीनं मेली होती, मालकाच्या नशिबानं मेली होती.

दहा वाजले, बारा वाजले. वार लोंबत होती, पडत नव्हती. उमाबाईनं सोमीला गूळ आणि बाजरीची घुगरी चारली, बांबूचा पाला आणून टाकला. कालवड सुरुवातीला दोरीला हिसके देत होती. एकच्या सुमारास तिनं हिसके द्यायचं सोडलं आणि ती बसली. उमाबाईला ते बरंच वाटलं. गरीब स्वभावाची निघाली, असं ती म्हणाली.

वार साडेचारला पडली. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून उमाबाईनं ती उकिरड्यात हातभर खोल पुरली, आंघोळ केली, आणि मग धारेला बसली. चीक हळदीसारखा पिवळा आणि दाट आला. घरची रीत अशी, की पहिली लोटी बसवण्णाच्या देवळात. शिवकन्या लोटी घेऊन देवळात गेली. ती परत आल्यावर कालवडीची दोरी सोडली. कालवड उठली नाही.

दोघींनी तिला उचलून कासेशी धरलं. सड तोंडात दिला तर तो जिभेवरून नुसता घसरला. उमाबाईनं तोंडात बोट घातलं. बोट घातलं की वासरू ओढतं, ही तिची आयुष्याची खूण होती. या तोंडानं बोट धरलं नाही. जीभ थंड लागली.

चमच्यानं चीक पाजला. जेवढा घातला त्यातला निम्मा गालफडातून खाली ओघळला.

"थंडी भरली हिला," उमाबाई म्हणाली. शिवकन्यानं चीक पुसायला फडकं दिलं आणि ती चूल पेटवायला गेली.

दुसऱ्या दिवसापासून त्या कालवडीभोवती घराचं घड्याळ फिरू लागलं. सकाळी ऊन आलं की तिला गोठ्यातून उचलून अंगणात ठेवायचं, ऊन सरकलं की तिला सरकवायचं. एका कुशीवर पडून कातडी सोलवटू नये म्हणून तासातासाला कूस बदलायची. शिवकन्यानं युरियाचं पोतं धुऊन, त्याला चार भोकं पाडून तिला अंगरखा केला. शेपटीखाली ओल्या फडक्यानं चोळायचं, तेव्हा कुठं ती मुतायची. मेडिकलमधून आणलेल्या बाटलीचं निपल तिला ओढता येत नव्हतं, म्हणून उमाबाई दोन बोटं दुधात बुडवून तिच्या टाळूला लावायची. बोट, दूध, टाळू. परत बोट. पाव लिटर दूध असं पोटात जायला दीड तास लागायचा. घाई केली तर ठसका लागायचा, आणि ठसका लागला की दूध छातीत उतरतं, हे उमाबाईला ठाऊक होतं. मांडी घालून बसून तिच्या कमरेचा दगड झाला. उठताना ती खांबाला धरून उठायची आणि कुणी बघत नाही ना ते बघायची.

शेतात हरभरा वाळून तडकायला लागला होता. माणिकप्पा दुपारी भाकरीला आला की गोठ्यात डोकावायचा.

"झाडामागं दोन घाटे मातीत गेले की पोतंभर हरभरा गेला," तो म्हणाला. "दोघी बी इथंच बसल्या तर कसं जमावं?"

"हिला टाकून येऊ का?" उमाबाई म्हणाली.

"टाकून ये म्हनलं का मी? शिवकन्याला तरी धाड."

मग शिवकन्या सकाळी दहिवर असेपर्यंत हरभरा उपटायला जाऊ लागली आणि अकराला परत येऊन पोटाला काही घालायच्या आधी कालवडीची कूस बदलू लागली. हरभऱ्याच्या पाल्यावरच्या आंबट खारानं तिची बोटं फाटली होती. त्याच बोटांना दूध लावून टाळूला घासताना ती ओठ आवळून घ्यायची. उमाबाईला ते दिसत होतं.

गुरुवारी कालवडीला हगवण लागली. पांढरी, पाण्यासारखी, आंबूस वासाची. उमाबाईनं डाळिंबाची साल उगाळून दिली, सुंठ दिली. दुपारपर्यंत मागचे पाय बरबटले आणि माश्या बसू लागल्या. तेव्हा शिवकन्यानं सासूला न विचारता फोन लावला.

डॉक्टरीण स्कूटीवर आली. लुंबिनी तिचं नाव. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस, सरकारी दवाखान्यात येऊन तिला वर्ष झालं होतं. गावात तिला कुणी नावानं हाक मारत नसे, डॉक्टरीणबाई म्हणत. तिनं आल्या आल्या चपला काढल्या, कालवडीपाशी उकिडवी बसली, पापणी उलटून बघितली, बेंबी दाबून बघितली, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी सावकाश खाली बसली.

"जन्मल्यावर चीक किती वेळानं पाजला?" तिनं विचारलं.

उमाबाई कालवडीचे मागचे पाय धरून बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"लगीच," शिवकन्या म्हणाली. "उठली की पाजला. पोटभर पेली."

"लगेच म्हणजे?"

"अर्धा तास झाला असंल नसंल."

डॉक्टरणीनं मान डोलावली. "मग काळजी नको. चीक गेला असला की पोर यातून निघतंय. मला वाटलं तुम्ही बी वार पडायची वाट बघितली का काय. हितं लई जण तसंच करतेत." तिनं दोन इंजेक्शनं दिली, मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं ते सांगितलं, पुड्या दिल्या आणि गेली.

उमाबाई तशीच बसून राहिली. कुणी चारचौघांत आपलं उघडं पडलेलं अंग झाकावं आणि आपल्याला ते झाकल्याचं कळावं, असं तिला झालं होतं. रागावं तरी कुणावर?

संध्याकाळी चुलीपाशी तिनं विचारलं, "खोटं कामून बोललीस?"

"मग काय सांगू?" शिवकन्या भाकरी थापत होती. "डॉक्टरीण धा गावं फिरती. कुठं ना कुठं निघालं असतं तोंडातून."

"मला तुझं पांघरूण नगं."

"बरं," शिवकन्या म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

शुक्रवारी हगवण थोडी थांबली आणि परत सुरू झाली. शनिवारी कालवडीचे डोळे खोल गेले. पोत्याच्या अंगरख्यात ती नुसती हाडं घालून ठेवल्यासारखी दिसत होती. टाळूला दूध लावलं तर ती गिळायचं विसरायची. सोमी दावणीवरून तिच्याकडे बघून दिवसभर हंबरत होती. देवणी गाय वासरू गेल्यावर पान्हा सोडत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून त्यावर कुणी बोलत नव्हतं.

दुपारी डॉक्टरीण परत आली. तिनं ताप बघितला. ताप नव्हता, उलट अंग गार होतं. ती बराच वेळ कपाळाला आठ्या घालून बसली.

"लागू पडायला पाहिजे होतं," ती म्हणाली. "एवढा चीक पिलेल्या वासराची अशी गत व्हायला नाही पाहिजे. मला कळंना झालंय." तिनं तेच औषध थोडं वाढवून लिहून दिलं, पिशवी खांद्याला लावली आणि बोळाकडे निघाली.

उमाबाईनं शिवकन्याकडे पाहिलं. शिवकन्यानं डोळे खाली घातले. आता सांगायचं तर सुनेनं बोललेलं खोटं ठरतं, न सांगावं तर कालवड जाते. आणि दोन्हींच्या तळाशी उमाबाईच. ती खांबाला धरून उठली. चपला घालायचंही तिला सुचलं नाही. बोळाच्या तोंडाशी डॉक्टरीण स्कूटीला किल्ली लावत होती.

"बाई," उमाबाईनं हाक मारली.

"काय झालं?"

"मंगळवारी सकाळी साडेआठला जलमली. चीक पाच वाजता तोंडाला लावला." उमाबाई एका दमात बोलत होती, वाटेत थांबली असती तर पुढचं आलं नसतं. "तो बी निम्मा वघळला. सुनेचा दोष न्हाई. तिनं सांगितलं हुतं मला. मीच बांधून ठेवली."

डॉक्टरणीनं किल्ली परत काढली. तिनं उमाबाईकडे पाहिलं, मग तिच्या अनवाणी पायांकडे.

"हे परवा सांगायचं होतं, आजी," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, आणि तेच उमाबाईला जास्त लागलं. "चिकातनं जी ताकद मिळती, ती पहिल्या दिवसातच मिळती. आता चीक पाजून काही उपयोग नाही. एकच राहिलंय. आईचं रक्त काढून हिला चढवायचं. जगंल असं मी सांगत नाही."

"काढा."

"दोन तासात येते, पिशवी घेऊन. तोवर गरम ठेवा."

ती साडेचारला आली. सोमीला लिंबाच्या झाडाला आखूड बांधली. माणिकप्पानं शिंगं धरली आणि तोंड दुसरीकडे केलं. मानेला दोरी आवळली तशी शीर बोटाएवढी फुगली. जाड सुई आत गेली आणि नळीतून काळपट रक्त खाली जमिनीवरच्या पिशवीत उतरू लागलं. डॉक्टरीण ती पिशवी बाळाला खेळवावं तशी हातानं सावकाश हलवत होती, गोठू नये म्हणून. सोमी एकदाच थरथरली. मग तीच पिशवी गोठ्याच्या आढ्याला टांगली. कालवडीच्या गळ्यावरचे केस कापायला कात्री लागली, ती शिवकन्यानं आणली. शीर सापडेना. तीनदा टोचलं. चौथ्यांदा सापडली.

"डोकं हलू द्यायचं नाही," डॉक्टरीण म्हणाली.

उमाबाईनं डोकं मांडीत धरलं. सव्वा तास ती हलली नाही. पाय बधिर झाले, मग दुखायचे थांबले. थेंब पडायचा, नळीत उतरायचा, की दुसरा. समोर शिवकन्या पिशवीकडे बघत बसली होती. माणिकप्पा मधेच विचारून गेला, की चीक पाजल्यावर बी असं कसं झालं म्हणावं.

रविवार गेला. रुद्रेश येऊन, बघून परत गेला. सोमवारी हगवण आटली. मंगळवारी सकाळी उमाबाईनं नेहमीसारखी दोन बोटं दुधात बुडवून टाळूला लावली, आणि बोटं कुणी तरी ओढली. खरबरीत जीभ बोटांभोवती वळली आणि हिरड्या आवळल्या. उमाबाईला रडू आलं. समोर शिवकन्या उभी होती म्हणून तिला स्वतःचा राग आला, आणि मग तिनं तो सोडून दिला.

"बाटली आण," ती म्हणाली. "वढाया लागली."

महाशिवरात्रीपर्यंत कालवड अंगणात हिंडू लागली. पुढचा उजवा गुडघा जरा सुजका राहिला होता, तो टाकताना ती लचकायची. माणसं बघायला येत. पोत्याचा अंगरखा बघून हसत, रक्ताची गोष्ट ऐकून तोंडावर हात ठेवत आणि जाताना म्हणत, "उमाक्का, तुमच्या हाताला यशच हाय. दुसऱ्या कुणाकडं असती तर गेली असती." डॉक्टरीण कुणाला बोलली नव्हती. शिवकन्या बोलणार नव्हती. उमाबाई ऐकून घ्यायची आणि सुपारी कातरायची. खोट्या कौतुकाची चव खऱ्यासारखीच असते, हे तिला या वयात कळलं.

फाल्गुन लागल्यावर एके दिवशी साडेदहाला शेजारचा शेषेराव दारात आला. त्याची गाय सकाळी नऊला व्याली होती. सगळं ठीक होतं, पण वार पडत नव्हती, आणि त्याची बायको कुसुम घाबरली होती.

"अक्का, येता का जरा? बगून जावा."

उमाबाईनं पदर खोचला. दोन पावलं जाऊन ती मागं वळली. "शिवकन्ये, चल."

शेषेरावच्या गोठ्यात शेजारपाजारच्या चार बाया जमल्या होत्या. गाय उभी होती, वार लोंबत होती. गोऱ्हा झाला होता, थोराड, टपोऱ्या डोळ्यांचा. तो लांब, दाराजवळच्या खांबाला बांधला होता, आणि दोरीला जीव खाऊन हिसके देत होता.

"तुमच्यावानीच केलंय, अक्का," कुसुम म्हणाली. "थेंब बी तोंडाला लागू दिला न्हाई. लई तोंड घालू राहिला हुता, म्हून लांब बांधला."

उमाबाई त्या दोरीकडे बघत उभी राहिली. गोऱ्ह्याच्या तोंडाला फेस आला होता. तिला एक सोपी वाट दिसत होती: आता डॉक्टरीणबाई असं असं सांगती म्हणायचं, नवीन शास्त्र निघालंय म्हणायचं, आणि दोरी सोडायची. कुणी काही विचारलं नसतं.

"सोड त्याला," ती म्हणाली. "पाज."

कुसुम हसली, तिला ती थट्टा वाटली. मग हसणं थांबलं. "वार पडली न्हाई अजून."

"न पडू दे. पिऊ लागला की आपसूक पडंल."

"आन् वर चढली म्हंजे?" शेषेराव म्हणाला. "गाय गेली म्हंजे? तुमीच सांगत आलाव समद्यास्नी."

"मीच सांगत आले," उमाबाई म्हणाली. "माझी कालवड दृष्टीनं पडली न्हवती. थंडीनं बी न्हाई. आठ तास मी तिला कासंला तोंड लावू दिलं न्हाई, त्यानं पडली. हिनं सांगितलं हुतं, मी ऐकलं न्हाई. डॉक्टरणीनं रक्त घातलं म्हून जगली. माझ्या हातानं न्हाई."

शिवकन्या पुढं झाली, खांबाची गाठ सोडली आणि गोऱ्हा तिला ओढतच गाईकडे गेला. त्याला सड शोधावा लागला नाही. घटाघटा आवाज येऊ लागला, शेपटी हलू लागली.

कुसुम गोऱ्ह्याकडे बघत नव्हती. ती उमाबाईकडे बघत होती.

"मग गेल्या साली आमची पाडी गेली ती?" तिनं हळूच विचारलं. "सहाव्या दिशी. तवा बी तुमीच हुताव. दिवस मावळूस्तोर बांधून ठिवली हुती आपुन. तुमी म्हनलाव, दृष्ट लागली. मी माझ्या जावंला बोलले त्यावरून. ती अजून बोलत न्हाई माझ्याशी."

उमाबाईनं तोंड उघडलं. काही तरी सांगता आलं असतं, प्रत्येक वासराचं वेगळं असतं, असं काही तरी.

"हाव," ती म्हणाली. "तसंच झालं असंल."

कुसुम आत निघून गेली. बाया एकेक करून उठल्या. शिवकन्याला घरी काम होतं, तरी ती सासूच्या शेजारी जमिनीवर बसली. दोघी गाईच्या मागच्या बाजूला नजर लावून बसून राहिल्या. वार साडेबाराला पडली. तोवर त्या घरातून उमाबाईला कुणी चहा विचारला नाही.